एकट्याचे कोडे आणि जाणून घेण्याचा छंद

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाला सुरुवात करतो. संगणकावर आणि मोबाईलवर एकट्याने खेळायचे कोड्यांचे जे खेळ असतात, त्यांत खेळणाऱ्याचे मन का रमते, हा माझा विषय आहे. विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना बरे वाटले असेल. दोघांनीही थोडा धीर धरावा. मी कोणाचीच बाजू घेऊन आलेलो नाही.

आपल्या मेळाव्यांत शिक्षणावर बोलले जाते, व्यसनमुक्तीवर बोलले जाते. मोबाईलवरच्या खेळाचा विषय निघाला तर तो व्यसनमुक्तीच्या सदरातच निघतो. यामागे कारण आहे. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत आज मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली शिकवणीसाठी येऊन राहतात. 'लातूर पॅटर्न'चे नाव महाराष्ट्रभर झाले आहे. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी आई-वडील पोटाला चिमटा घेऊन, कधी शेत गहाण टाकून फी भरतात. खोलीभाडे, खानावळ, पुस्तके सगळे धरले तर मजुरी करणाऱ्या घराला तो डोंगरच आहे. अशा मुलाच्या हातात रात्री अकरा वाजता मोबाईल दिसला की बापाच्या पोटात गोळा येतो. तो गोळा खरा आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु सगळे खेळ एका माळेचे मणी नाहीत. पैसे लावायचे खेळ वेगळे, गोळीबाराचे वेगळे, आणि शांतपणे बसून एकट्याने उलगडायची कोडी वेगळी. या तिसऱ्या प्रकारात मन कशामुळे गुंतते हे समजून घेतले, तर अभ्यासात ते का गुंतत नाही याचाही थोडा उलगडा होईल, असे मला वाटते. म्हणून हा विषय मी या व्यासपीठावर आणला.

हे खेळ कोणते?

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. १९९३ साली अमेरिकेत रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी 'मिस्ट' नावाचा खेळ काढला. खेळणारा एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडतो. तेथे शत्रू नाही, घड्याळ नाही, गुणांचा फलक नाही. काय करायचे हेही कोणी सांगत नाही. झाडे, पाण्याचा आवाज, बंद दारे, काही विचित्र यंत्रे आणि अर्धवट जळालेली पुस्तके. आपण फिरायचे, पाहायचे, टिपण काढायचे आणि यंत्रे कशी चालतात ते शोधायचे. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्यात मारामारी नाही, शर्यत नाही, त्याचा एवढा खप कसा, याचे त्या काळी अनेकांना नवल वाटले.

पुढे या जातीचे बरेच खेळ आले. चेक देशातला 'मशिनॅरियम' (२००९) हा खेळ एका लहान यंत्रमानवाचा आहे. त्यात संवाद नाहीत, पात्रे मनातले चित्रांनी सांगतात. डेन्मार्कच्या 'लिंबो' (२०१०) मध्ये सगळे काळे-करडे आहे. अंधाऱ्या जंगलातून एक मुलगा चालला आहे, आणि प्रत्येक पावलावर अडथळा. (हा खेळ लहान मुलांसाठी नाही, त्यातले मृत्यू भीषण आहेत.) लंडनमध्ये तयार झालेल्या 'मॉन्युमेंट व्हॅली' (२०१४) मध्ये एक मुकी राजकन्या अशा जिन्यांवरून चालते की जिना वर जातो की खाली येतो हेच कळत नाही. २०१६ च्या 'द विटनेस' मध्ये पुन्हा एक बेट आणि शेकडो फलकांवरची रेघांची कोडी. त्या कोड्यांचे नियम एका शब्दानेही सांगितलेले नाहीत, ते सोडवता सोडवता आपणच ओळखायचे. आपल्या पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) हा खेळही एकट्याने खेळायचा आहे, मात्र त्यात कोड्यांपेक्षा लढाई अधिक आहे.

यांत जिंकल्याचे बक्षीस नाही आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. तरी माणूस तासन्‌तास डोकेफोड करतो आणि वर त्याला आनंद होतो. तो का होतो?

गोदाकाठचा एक प्रश्न

'डोकेफोड' हा शब्द मी मुद्दाम वापरला. डोके फुटण्याची एक फार जुनी गोष्ट आपल्याच गोदावरीच्या काठची आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात ती येते. कोसल देशाचा बावरी नावाचा ब्राह्मण दक्षिणेत येऊन अस्सक जनपदात गोदावरीतीरी राहत होता. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे आजचे बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात, आणि बोधन आपल्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच आहे. या बावरीचे नाव अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहाराला दिलेले आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे भरणाऱ्या धम्म परिषदेला आपल्यापैकी अनेक जण जातात.

तर या बावरीकडे एक जण आला आणि त्याने पाचशे नाणी मागितली. बावरीने सर्व दान करून टाकले होते, जवळ काही नव्हते. त्या माणसाने शाप दिला की सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील. बावरी घाबरला, त्याचे अन्न सुटले. मग त्याला कळले की शाप देणाऱ्याला 'डोके' म्हणजे काय आणि 'डोके फोडणे' म्हणजे काय, हेच ठाऊक नाही. ते जाणणारा बुद्ध उत्तरेत आहे. बावरी म्हातारा झालेला, म्हणून त्याने आपले सोळा शिष्य पाठवले. ते पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती, कपिलवस्तु, कुशिनारा, वैशाली अशी वाट तुडवत मगधात पोचले. एवढी पायपीट त्यांनी केली ती एका प्रश्नासाठी.

भगवंतांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की डोके म्हणजे अविद्या. ते फोडणारी ती विद्या. आणि ही विद्या एकटी येत नाही. तिच्यासोबत श्रद्धा, स्मृती, समाधी, छंद आणि वीर्य असते.

भीतीने अर्धमेला झालेला माणूस आणि एक शाप, एवढीच सामग्री होती. त्या शापाचा प्रश्न केल्याबरोबर भीती गेली आणि तिच्या जागी शोध आला. कोड्याचा आनंद येथूनच सुरू होतो. न कळणे ही जोवर धमकी असते तोवर माणूस दबून जातो. त्याच न कळण्याचा प्रश्न झाला की तो उठून चालू लागतो. भगवंतांनी सांगितलेली ही पाच अंगे आपल्या विषयालाही लागू पडतात. ती मुक्तीच्या संदर्भात सांगितली आहेत हे मी विसरलेलो नाही. परंतु शिकणारे मन मोठ्या आणि छोट्या कामासाठी वेगवेगळे नसते.

छंद म्हणजे काय?

प्रथम छंद घेऊ. मराठीत छंद म्हणजे आवडीने केलेला उद्योग. पालीत छंद म्हणजे एखादी गोष्ट करण्याची, जाणण्याची इच्छा. तो बऱ्यावाईट दोन्ही बाजूंना जाऊ शकतो, पण कुशल छंदाशिवाय प्रयत्न सुरूच होत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे हॅरी हार्लो यांनी १९४९-५० च्या सुमारास माकडांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात कडी, कोयंडा आणि खिट्टी असलेले एक साधन ठेवले. ते उघडल्यावर खाऊ मिळणार नव्हता. तरी माकडे ते उघडत बसली आणि त्यात तरबेज झाली. भूक नाही, बक्षीस नाही, केवळ उलगडण्यासाठी उलगडणे.

पुढे १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोमा नावाचे तुकड्यांचे कोडे दिले. काहींना प्रत्येक उत्तराला एक डॉलर दिला, काहींना काहीच दिले नाही. मधल्या मोकळ्या वेळेत कोण आपणहून कोड्याशी खेळत बसते हे पाहिले. पैसे देणे बंद झाल्यावर पैसे मिळालेल्यांचा ओढा कमी झाला, ज्यांना काही मिळालेच नव्हते त्यांचा टिकून राहिला. या निष्कर्षावर खूप वाद झाले. १९९९ साली डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा कल हाच दिसला. आवडीने होणाऱ्या कामाला मोबदल्याची अट घातली की आवड ओसरू लागते.

पालकांनी हे लक्षात घ्यावे. नव्वद टक्के पडले तर मोबाईल घेऊन देईन, असे आपण सहज म्हणतो. हेतू चांगला असतो. पण गणित हे मोबाईल मिळवण्याचे साधन झाले की मोबाईल मिळाल्यावर गणिताची गरज संपते.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण द्यायचे तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे देईन. १९०५ साली जन्मलेले कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी एकट्याने खेळत बसणे हा त्यांचा छंद. त्यातून १९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, ५४३२. चढत्या क्रमाने मांडा, २३४५. वजाबाकी करा, ३०८७. तेच पुन्हा करा. ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा करा. ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येते, पुढे हलत नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही तेथेच येता. पुष्कळ काळ त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर नाव झाले. पण नाव होण्याआधी कित्येक वर्षे ते वजाबाक्या करीतच होते. कोणी पाहत नसतानाही माणूस जे करीत राहतो, तो त्याचा छंद.

अवघड, पण आवाक्यातले

आता श्रद्धा आणि वीर्य. येथे श्रद्धा म्हणजे डोळे झाकून मान डोलावणे नव्हे. चांगल्या कोड्यात खेळणाऱ्याचा एक विश्वास असतो, की याला उत्तर आहे, ते शोधायला लागणारे सगळे माझ्यासमोर आहे, आणि रचणाऱ्याने मला फसवलेले नाही. हा विश्वास असला की माणूस वीस वेळा अडखळूनही एकविसाव्यांदा प्रयत्न करतो. तो तुटला की दोन मिनिटांत उठून जातो. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा गणित का सोडून देतो? त्याला बुद्धी नसते म्हणून नव्हे. हे गणित माझ्यासाठी नाहीच, अशी त्याची समजूत कोणीतरी करून दिलेली असते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच सांगितले गेले, त्यामुळे ही समजूत आपल्या घरात लवकर शिरते.

वीर्य म्हणजे प्रयत्न. तोही मापात हवा. सोण नावाच्या भिक्खूला भगवंतांनी वीणेची उपमा दिली होती. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशा लोकांशी बोलून १९७५ साली जे पुस्तक लिहिले, त्यातला मुख्य मुद्दा याच जातीचा आहे. काम कुवतीपेक्षा फार अवघड असेल तर धास्ती वाटते, फार सोपे असेल तर कंटाळा येतो. दोन्हींच्या मधे, थोडे अवघड पण आवाक्यातले असेल, तेव्हा माणूस कामात बुडून जातो आणि वेळेचे भान राहत नाही.

कोड्यांचे चांगले खेळ हे माप फार काटेकोरपणे सांभाळतात. पहिल्या फलकावर एकच नियम कळतो. दुसऱ्यावर तोच पक्का होतो. तिसऱ्यावर तो अपुरा पडतो आणि आपली समजूत बदलावी लागते. चुकले तर कोणी रागावत नाही, लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो. 'लिंबो'तला मुलगा अडथळ्यात मरतो आणि क्षणात जरा अलीकडे पुन्हा उभा राहतो. एका प्रवेश परीक्षेवर सगळे आयुष्य टांगलेल्या मुलाला, जेथे चूक ही केवळ माहिती असते असे ठिकाण का आवडते, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही.

एकांत आणि वातावरण

परंतु कोडी तर वर्तमानपत्रातही असतात. मग या खेळांत वेगळे काय? वेगळे आहे ते वातावरण. मंद प्रकाश, पावसाचा आवाज, मोकळी जागा, लांबवर दिसणारा एक मनोरा. तुमच्यापैकी अनेक जण अजिंठ्याला जाऊन आले असतील. उन्हातून विहारात पाऊल टाकले की प्रथम काहीच दिसत नाही. गडबडीतला माणूस तसाच बाहेर येतो. जो थांबतो त्याचे डोळे हळूहळू सरावतात. आधी खांब दिसतो, मग भिंतीवरचा रंग, मग त्या रंगातला चेहरा. लेण्यातला प्रकाश तेवढाच असतो, पाहणारा बदललेला असतो. हे खेळ पाहणाऱ्याकडून तेच मागतात. थांबा, पाहा, ऐका. पाच अंगांतली स्मृती म्हणजे हे सावध लक्ष, आणि समाधी म्हणजे त्या लक्षाचे एका जागी ठरणे.

यात एकटेपणाचाही भाग आहे. एका खोलीत चार मुले, बाहेर वाहनांचा गोंगाट, भिंतीवर निकालाच्या याद्या, आणि प्रत्येक सराव परीक्षेनंतर लागणारा क्रमांक. सतत कोणाशी तरी तुलना. अशा मुलाला, जेथे त्याच्यापुढे कोणी नाही आणि मागेही कोणी नाही अशी अर्ध्या तासाची जागा मिळते. तेथे त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. 'मशिनॅरियम'सारख्या खेळात तर इंग्रजीही आड येत नाही. मराठी माध्यमाचा मुखेडचा मुलगा आणि मुंबईच्या इंग्रजी शाळेतला मुलगा त्या यंत्रमानवापुढे सारखेच अडाणी असतात आणि सारख्याच हक्काने शहाणे होतात. ज्या समाजाला शतकानुशतके पाहण्याचा, वाचण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा हक्क नाकारला गेला, त्या समाजातल्या मुलाला हा अनुभव क्षुल्लक वाटणार नाही.

आणि फुरसतीबद्दलही एक शब्द. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला विचार करत बसण्यासाठी मोकळा वेळ आला नाही. दुसऱ्याच्या शेतावर आणि दुसऱ्याच्या दारात दिवस गेला. आज आपले मूल काही वेळ, कशाच्याही कामी न येणाऱ्या प्रश्नाचा विचार करीत बसू शकते. त्याकडे केवळ आळस म्हणून पाहू नये.

छंद आणि तृष्णा

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भगवंतांनी खेळांविषयी काय म्हटले आहे? दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात खेळांची एक यादीच आहे. आठ आणि दहा घरांचे पट त्यात आहेत. पट नसताना मनातल्या मनात खेळायचा खेळ आहे. हवेत बोटाने काढलेले अक्षर ओळखणे आहे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीही माणसाला कोड्यांची केवढी ओढ होती, ते यातून दिसते. पण ही यादी, श्रमण गोतम ज्यांपासून दूर राहतो अशा गोष्टींची आहे. संसार सोडलेल्याने यांत वेळ घालवू नये, हा तिचा आशय. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त आहे. त्यात धनाच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत आणि जुगार हे त्यांतले एक. जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणारा धनासाठी झुरतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, असे त्याचे दोष मोजून दिले आहेत. आणखी एक दार म्हणजे सदोदित तमाशाच्या शोधात असणे, आज कोठे नाच आहे, कोठे गाणे आहे, एवढेच डोक्यात असणे. हे दुसरे दार कोड्यांच्या खेळालाही बंद नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

म्हणून छंद आणि तृष्णा यांत फरक करायला शिकले पाहिजे. छंद जाणून घेतल्यावर निवतो. तृष्णा मिळाल्यावर वाढते. कोड्याचा चांगला खेळ संपतो. पाच-दहा तासांनी शेवटचे दार उघडते आणि खेळणारा बाहेर येतो. पैशांच्या खेळाला शेवट नसतो. ऑनलाईन रमी आणि सट्ट्याने घरेच्या घरे बसली, ते आपल्या वस्त्यांनीही पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याने दुकान बंद होते, मनातली हाव बंद होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळाच्या आहारी जाण्याला विकाराच्या यादीत जागा दिली असून ती यादी २०२२ पासून लागू आहे. मात्र खेळणारा प्रत्येक जण रुग्ण, असे ती म्हणत नाही. ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, अशी तिची लक्षणे आहेत. तसे दिसले तर मारहाण करू नये, डॉक्टरांकडे न्यावे.

विद्यार्थ्यांनाही दोन गोष्टी सांगतो. पहिली, कोड्यात मन एकाग्र होते म्हणजे ध्यान झाले असे समजू नका. एकाग्रता शिकारी बगळ्याकडेही असते. ती कशासाठी आहे याचे भान असेल तरच ती सम्यक. दुसरी, असे खेळ खेळल्याने परीक्षेतले गुण वाढतात असा दावा मी करणार नाही. एका कोड्यातले कौशल्य आपोआप दुसऱ्या विषयात उतरत नाही. उतरवायचे असेल तर ते जाणीवपूर्वक उतरवावे लागते.

आपण काय करावे?

ते कसे उतरवायचे? पालकांनी मुलाच्या हातात खेळ दिसला तर प्रथम शेजारी बसून विचारावे, यात तू काय शोधतो आहेस? ज्याला सांगता येते त्याला छंद आहे. ज्याला चिडून मोबाईल लपवावासा वाटतो, तेथे लक्ष द्यायला हवे. पैसे मागणारा खेळ घरात नको. झोपेच्या वेळेतला खेळ नको, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी डोके चालत नाही, कोड्यातही नाही आणि भौतिकशास्त्रातही नाही.

विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा तरी अभ्यासातले एखादे उदाहरण कोड्यासारखे सोडवून पाहावे. वेळ लावू नये, उत्तराचे पान उघडू नये, गुणांचा विचार करू नये. उत्तर आले नाही तरी चालेल. आपण कोठे अडलो ते वहीत लिहावे.

आणि संस्थेला एक विनंती. खेळणाऱ्याला त्यात काय मिळते याचा अभ्यास करणाऱ्यांनी माणसाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. आपल्या मनाने काही करता येणे, आपल्याला काही जमते असे वाटणे, आणि आपली माणसे असणे. एकट्याच्या कोड्यात पहिल्या दोन मिळतात, तिसरी फारशी मिळत नाही. ती आपण देऊ शकतो. बावरीच्या सोळा शिष्यांनी आपापला प्रश्न वेगळा विचारला, पण वाट सर्वांनी मिळून कापली. आपल्या अभ्यासिकेत महिन्यातून एक संध्याकाळ कोड्यांची ठेवावी. फळ्यावर कापरेकरांची संख्या मांडावी, एखादा खेळ पडद्यावर लावून सर्वांनी मिळून सोडवावा, लहानांनी मोठ्यांना समजावून सांगावे. त्यासाठी फळा, खडू आणि एक जुना संगणक पुरेसा आहे.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद राजा होता, पण मिलिंदपञ्हात तो स्मरणात राहतो तो प्रश्नांमुळे, आणि नागसेन थेर स्मरणात राहतात ते त्यांनी न रागावता दिलेल्या उत्तरांमुळे. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढ्या त्या आवारात घडल्या. त्यांच्या नातवंडांना परीक्षा पास होणे जमते आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. आता कोणी विचारले नाही तरी आपणहून प्रश्नामागे जाण्याची गोडीही त्यांना लागावी. ती पुस्तकातून लागो, प्रयोगशाळेतून लागो, की पडद्यावरच्या एखाद्या निर्मनुष्य बेटावरून लागो. ती लागलेली दिसली तर तिला विझवू नका, एवढेच मागणे मी आपल्याकडे मागतो.



जयभीम! नमो बुद्धाय!